नऊ नोव्हेंबरचा रविवार

नागपूर
१६ मार्च २०२६

चि. निहारिका हीस अनेक आशीर्वाद.

सवयीने नावाआधी 'सौ.' लिहिलं गेलं. ते खोडलं, पण खोडलेला कागद तुला पाठवणं बरं वाटेना म्हणून नवा घेतला. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, मुलींच्या वह्यांत हजारो रेघा मारल्या. एवढी अवघड रेघ कधी मारावी लागली नव्हती.

पत्र पाहून चकित झाली असशील. फोन आहे, व्हिडिओ आहे, आणि ही म्हातारी पाकिटाला तिकिटं चिकटवत बसली आहे. पण आपलं फोनवर काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. तू 'आई' म्हणतेस, मी 'हं' म्हणते, आणि पुढे दोघी रडतो. शर्वाणी बिचारी फोन धरून कंटाळते. केदारला जाऊन आज पाच आठवडे झाले आणि सासू-सुनेने त्याच्याबद्दल एक धड वाक्य बोललेलं नाही. कागदावर रडू आलं तरी वाक्य पुरं करता येतं. तूही लिही. शुद्धलेखन तपासणार नाही.

व्हिसा वेळेत मिळाला नाही, त्याला निरोप दिला तो मोबाइलवर. तुमच्याकडे अंत्यसंस्कार असे थेट दाखवतात हे मला माहीतच नव्हतं. कॅमेरा एका जागी बसवलेला होता. मला तुझी पाठ दिसत होती आणि शर्वाणीची वेणी. वेणी सैल झाली होती. एवढं सगळं समोर चाललेलं, आणि माझं लक्ष वेणीकडे. आईचं मन कसलं म्हणायचं हे.

आता कामाचं. मला तू नऊ नोव्हेंबरचा दिवस लिहून पाठव. ह्यांच्या श्राद्धाचा, कार्तिक वद्य पंचमीचा. सकाळी उठल्यापासूनचा. आदल्या वर्षी तिथीची आठवण मी करून दिली होती आणि चार शब्द सुनावलेही होते, की बापाची तिथी मुलाला आईने सांगावी लागते. तेव्हा म्हणाला, आई, आता फोनमध्येच नोंदवून ठेवतो, तू काळजी सोड. म्हणून या वेळी मी मुद्दाम गप्प बसले. त्या रविवारी दुपारी साडेचारला फोन केला, पान वाढलं का विचारायला. म्हणाला, हो आई, आत्ताच आटपलं. मागे घंटा वाजत होत्या. कसल्या विचारलं तर म्हणाला, चर्चच्या. मग मी पोटभर जेवले.

केदारचं माझ्याकडे जे काही आहे ते बहुतेक जुनं आहे, शाळेतलं, कॉलेजातलं. तिकडे गेल्यापासूनचं रविवारच्या फोनापलीकडे काही नाही. हा एक दिवस मात्र असा, की तो तिथे राहून आमचा होता. तो मला सबंध हवा. काय काय रांधलंत, वडे कुणी तळले, पान कुठे ठेवलं, तिकडे कावळे येतात का, संध्याकाळी काय केलंत. वेळ काढून लिही.

शर्वाणीला पापा.

आई


ॲडम्सटाउन, डब्लिन
६ एप्रिल २०२६

ती. आईंस सा. न.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. आज ईस्टरची सुट्टी, शर्वाणी मैत्रिणीकडे गेली आहे, म्हणून शांतपणे लिहायला बसले. मराठीत इतकं लिहून किती वर्षं झाली कोण जाणे. औषधांची चिठ्ठी लिहिते तसं अक्षर झालंय, सांभाळून घ्या.

मी कामावर जायला लागले. हॉस्पिटलला जायला पोर्टलीशची गाडी इथूनच मिळते, ते एक बरं आहे. वॉर्डमध्ये सगळे खूप सांभाळून घेतात, नाइट्स कमी दिल्या आहेत. इथे कुणी गेलं की प्रत्येक जण हात हातात घेऊन 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणतो. पोस्टमन म्हणाला, शर्वाणीच्या शाळेतले सर म्हणाले. सुरुवातीला चीड यायची, सगळ्यांचं एकच पाठ केलेलं वाक्य म्हणून. आता एखादा म्हणाला नाही तर चुकल्यासारखं वाटतं. समोरच्या घरातल्या आजी दर शुक्रवारी दारात ब्रेड ठेवून जातात आणि बेल वाजवत नाहीत.

केदारच्या ऑफिसमधले दोघं चेरीवूडहून त्याचा खोका घेऊन आले होते. कॉफीचा मग, कीबोर्ड, एक स्वेटर. तो खोका वरच्या प्रेसमध्ये ठेवलाय. प्रेस म्हणजे कपाट, आम्ही सगळे आता असंच म्हणतो. शर्वाणीशी मी मराठीत बोलते आणि ती इंग्रजीत उत्तर देते, ते तसंच चालू आहे. परवा तिने विचारलं, मला रडू येत नाही म्हणून आजी रागावेल का? मी नाही म्हटलं.

त्या दिवसाचं म्हणाल तर फार सांगण्यासारखं नाही आई. साधंच केलं. तांदळाची खीर, भोपळ्याची भाजी, कढी, आमसुलाची चटणी. वडे मी तळले, पहिले दोन फुटले. केदार धोतर नेसला होता. पान मागच्या अंगणातल्या भिंतीवर ठेवलं. कावळे इथे भरपूर आहेत, लगेच आले. संध्याकाळी घरीच होतो.

तुमच्या डोळ्यांत थेंब घालायला कोण येतं? औषध फ्रिजमध्ये ठेवायचं, बाहेर नाही.

निहारिका


नागपूर
२४ एप्रिल २०२६

चि. निहारिका हीस अनेक आशीर्वाद.

वडे फुटल्याचं वाचून हसले. नऊ फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. पीठ सैल झालं असणार, तुला मी किती वेळा सांगितलंय की उडदाचं पीठ वाटताना पाणी हात आखडून घालायचं. एवढी मोठी डॉक्टर, पण स्वयंपाकात तुझा हात सढळ. शेजारच्या पद्मजाला तेवढा भाग वाचून दाखवला. ती म्हणाली, परदेशात एवढं कोण करतं हो. मी म्हटलं, आमच्याकडे करतात.

तुला एक सांगते. तो सोमवारी सकाळी ट्रॅममधून उतरला आणि कोसळला, ओळखीचं कुणी जवळ नव्हतं, हेच मला सहन होत नव्हतं. डोळा लागायचा आणि तो एकटा पडलेला दिसायचा. तुझं पत्र वाचल्यापासून वाटतं की तो एकटा नव्हता. ज्या बापाचं पान जाण्याआधी तीन महिने इतक्या मनाने वाढलं, तो बाप न्यायला आला असेल. बोट धरून नेलं असेल, पहिल्या दिवशी शाळेत नेलं होतं तसं. तुम्हा शिकलेल्यांना हे पटणार नाही. पटू नये. पण मला आता झोप लागते.

दर वर्षी तो वाढलेल्या पानाचा फोटो काढून मला पाठवायचा. या वेळचा आला नव्हता आणि मीही मागितला नाही. त्याच्या फोनमध्ये असेल. तो शोध आणि पत्रातून पाठव, इथे मोठा करून फ्रेम करून घेते. त्याच्या बाबांच्या फोटोशेजारी लावायचा आहे.

आई


ॲडम्सटाउन
१० मे २०२६

ती. आईंस सा. न.

फोटो नाही. पान वाढलंच नव्हतं. हे वाक्य पत्राच्या शेवटी लिहायचं असं ठरवून मी सहा कागद फाडले, म्हणून आज आधी लिहिलं.

नऊ नोव्हेंबरला आम्ही आयर्लंडमध्येच नव्हतो. स्पेनमध्ये होतो, सेव्हिल नावाच्या शहरात. वडे, खीर, भिंत, कावळे हे सगळं मी रचलेलं आहे. फोनवर केदार खोटं बोलला आणि पत्रात मी.

झालं ते असं. आदल्या वर्षी तिथी वीस नोव्हेंबरला आली होती. तुम्ही रागावलात त्याच दिवशी केदारने फोनमध्ये नोंद केली, वीस नोव्हेंबर, बाबा, दर वर्षी. तुमचा मुलगा इंजिनिअर. तिथी दर वर्षी हलते हे त्याच्या डोक्यातच आलं नाही आणि माझ्याही नाही. वीस तारखेला अवकाश आहे, त्या दिवशी घरी असायलाच हवं, असा हिशेब करून आम्ही आठ ते दहाची तिकिटं काढली. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि शर्वाणी झाल्यापासून दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. तिला मैत्रिणीकडे, स्वप्नालीकडे ठेवलं.

तुम्ही फोटो मागितलात तेव्हा त्याच्या फोनमध्ये आदल्या वर्षीच्या पानाचा, तुम्हाला न पाठवलेला एक फोटो मिळाला. तोच पाठवायचा असं ठरवलं. जवळच्या लूकनला जाऊन मोठा करून आणला, पाकिटात घातला, पत्ता लिहिला. पाकीट दोन दिवस टेबलावर पडून होतं. मग नऊ तारखेचे फोटो उघडले. फेब्रुवारीपासून ते उघडायची हिंमत झाली नव्हती. त्यातल्या प्रत्येक फोटोत तो हसतोय आई. हा दिवस मी खिरीखाली झाकून टाकला होता. तुम्ही माझ्याकडे त्याचा तो दिवस सबंध मागितला होता, तर हा घ्या.

सकाळी आम्ही एका म्युझियममध्ये गेलो. पूर्वी तो मठ होता, मध्ये चौक, कारंजं. आत सगळी संतांची चित्रं, काळोखी, छतापर्यंत पोचलेली. केदारला चित्रातलं काही कळत नाही, मला थोडं कळतं असा माझा समज आहे. मी त्याला उजेड कुठून येतो वगैरे दाखवत होते आणि तो प्रत्येक चित्रात कोण कंटाळलंय ते शोधत होता. म्हणाला, केवढाही मोठा चमत्कार होऊ दे, एक माणूस दुसरीकडेच बघत असतो. आणि खरंच असायचा. एकात संत आकाशातून उतरत होते आणि कोपऱ्यात एक कुत्रा पाय चाटत होता. केदार म्हणाला, हा मी. आणि इतक्या मोठ्याने हसला की तिथल्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

त्यानंतर आम्ही चौकात येऊन बसलो आणि तुमचा फोन आला. बाराचा सुमार होता, घंटा तिथल्याच चर्चच्या होत्या. त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं तुम्हालाच काही झालं. 'हो आई, आत्ताच आटपलं' म्हणाला आणि फोन ठेवून कारंज्याच्या कठड्यावर बसून राहिला. मी म्हटलं, परत लाव, खरं सांगून टाक. तो म्हणाला, 'ती जेवायची थांबली असेल. खरं सांगितलं तर आज जेवणारच नाही.' वीस तारखेला करू असं ठरलं. वीस तारखेला त्याला रात्री आठपर्यंत ऑफिसमधून निघता आलं नाही आणि मी ड्यूटीवर होते. मग राहिलंच.

यानंतर तो दिवसभर उदास होता असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. तसं नव्हतं. अर्धा तास होता. मग त्याला भूक लागली.

तिकडे बारमध्ये उभ्यानेच जेवतात, छोट्या छोट्या बशा मागवत. एका ठिकाणी पालक आणि काबुली चण्यांची भाजी होती. केदार म्हणाला, आपलीच आहे, फक्त फोडणी द्यायला विसरलेत. तीन बशा खाल्ल्या, वर तळलेले मासे. दुपारी मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावर चढायला निघालो होतो, पण अर्ध्यावरून परत आलो, गर्दी फार होती.

रात्री एका बोळातल्या लहानशा जागेत नाच पाहिला. वीस-पंचवीस खुर्च्या, एक गिटारवाला, एक गाणारा. नाचणारी बाई पन्नाशीची असेल, अंगाने भरलेली, काळ्या कपड्यांत. तिने कपाळाला आठी घालून पाय आपटायला सुरुवात केली आणि मी वळून पाहिलं तर केदार रडत होता. बाबा गेले तेव्हा तो माझ्यासमोर रडला नव्हता. काय झालं विचारलं तर म्हणाला, 'ही रागावली की अगदी आईसारखी दिसते.'

बाहेर आलो तर मध्यरात्रीसुद्धा सगळं गाव रस्त्यावर. म्हातारे, लहान मुलं, कुणाला घरी जायची घाई नाही. कोपऱ्यावर काही पोरं टाळ्या वाजवत गात होती. केदार त्यांच्यात शिरला आणि नाचला. आमच्या वरातीत सगळ्यांनी ओढलं तरी जो नाचला नव्हता, तो परक्या गावात भररस्त्यात नाचला, अगदी वाईट, टाळी सोडून. तो रविवार असा होता.

तुम्हाला झोप लागते असं लिहिलं होतंत. ती मी घालवली असेल तर मला माफ करा. पण तुमच्या भिंतीवर खोटा फोटो लावून मला तुमच्या घरात पाऊल ठेवता आलं नसतं.

निहारिका


नागपूर
३० मे २०२६

निहारिका,

पत्र पोचलं. खरं लिहिलंस, ठीक केलंस.

नऊ नोव्हेंबर ते नऊ फेब्रुवारी बरोबर तीन महिने होतात. एक दिवस कमी नाही, जास्त नाही. मला हे कुणी मोजून दाखवायला नको.

ह्यांचा फोटो काढून कपाटामागे ठेवला आहे, तोंड भिंतीकडे करून. बेचाळीस वर्षं संसार केला. जेवायला दहा मिनिटं उशीर झाला की ताटावरून उठून जायचे, मग मी मागे मागे करायची. तो स्वभाव वर जाऊनही सुटला नाही. एका वर्षी पान चुकलं म्हणून पोटचा मुलगा उचलून नेला. बोट धरून नेलं असं मी तुला लिहिलं होतं. फरफटत नेलं. पद्मजा म्हणते, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. मला आता कशाची भीती राहिली आहे.

अधिक महिना चालू आहे, गल्लीत सगळ्यांच्या घरी दिवे आहेत. आमच्याकडे देवापुढेही लावत नाही.

तुझ्यावर माझा राग नाही. तिथी त्याच्या बापाची होती, तुझ्या नाही.

रविवारचा फोन काही दिवस नको. शर्वाणीला सांग की आजीचा कान दुखतो.

उर्मिला


ॲडम्सटाउन
१४ जून २०२६

ती. आईंस सा. न.

कृपा करून बाबांचा फोटो परत लावा. त्यांनी काही केलेलं नाही. हे मी श्रद्धा-अंधश्रद्धेच्या वादातून म्हणत नाही, मला माहीत आहे म्हणून म्हणते.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. मनोऱ्यावरून आम्ही गर्दीमुळे परत आलो नव्हतो. त्या मनोऱ्याला पायऱ्या नाहीत, वळणावळणाचे उतार आहेत. पूर्वी घोड्यावर बसून वर जायचे म्हणतात. दहाव्या-बाराव्या वळणावर केदार थांबला, भिंतीला हात लावला. म्हणाला, दम लागतोय आणि जबड्यात काहीतरी ओढल्यासारखं होतंय. कपाळावर घाम होता. नोव्हेंबर महिना, सावली, आणि घाम.

आई, मी हृदयाच्या पेशंट्सवरच दिवस काढते. चाळीस वर्षांच्या कुणा पुरुषाने मला हे एक वाक्य सांगितलं असतं तर मी त्याला खुर्चीतून उठू दिलं नसतं. पाच मिनिटांत ईसीजी काढला असता, रक्त पाठवलं असतं, रात्रभर ठेवून घेतलं असतं. नवऱ्याला मी दोन प्रश्न विचारले, त्याने मासे जास्त झाले असं सांगितलं, आणि मी पर्समधली ॲसिडिटीची गोळी दिली. बाकावर दहा मिनिटं बसलो. त्याला बरं वाटलं. मी म्हटलं, चल, खाली जाऊ.

मला कळलं नाही असं नाही. आत कुठेतरी कळलं होतं. पण कळलं असं मान्य केलं असतं तर ती संध्याकाळ परक्या गावातल्या हॉस्पिटलात गेली असती. दोन वर्षं मी नाइट्स करत होते, मी घरी आले की तो निघायचा, आमची गाठ पडायची ती शर्वाणीचा डबा भरताना. मला ती संध्याकाळ हवी होती. नाचाची तिकिटं माझ्याच पर्समध्ये होती. म्हणून मी त्याला रात्री नाचू दिलं. परत आल्यावर दोनदा म्हटलं की दाखवून घे. तो 'आय ॲम ग्रँड', म्हणजे मी ठणठणीत आहे, असं म्हणाला आणि मी पुन्हा विचारलं नाही.

आता तुम्हीच सांगा, यात बाबा कुठे आले? त्यांना नावं ठेवू नका. रागवायचं तर माझ्यावर रागवा, आणि मनातल्या मनात नको, मला ऐकू येईल असं रागवा. मी कुणालाच हे सांगितलेलं नाही, म्हणून मला कुणी रागावलेलंही नाही. सगळे नुसते सांभाळून घेतात.

चोवीस जुलैची तिकिटं काढली आहेत, शर्वाणीची आणि माझी. अस्थी घेऊन येते आहे. मला घरात घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर मी हॉटेलमध्ये उतरेन, शर्वाणीला आणि त्याला तुमच्याकडे पोचवीन.

निहारिका


नागपूर
५ जुलै २०२६

चि. निहारिका हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी आलं. दोन दिवस मी तुझ्याशी भांडत होते. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, तोंडाने, मोठ्यांदा. लोकांचे नवरे वाचवतेस आणि स्वतःचा हातचा घालवलास, असं म्हणाले. नाच महत्त्वाचा होता का, असं म्हणाले. याहून वाईटही म्हणाले. पद्मजाने दार वाजवून विचारलं, कुणी आलंय का. तुला ऐकू येईल असं रागवा असं तूच लिहिलंस म्हणून एवढं कळवते.

तिसऱ्या दिवशी माझं बोलणं संपलं. कारण पुढे जे बोलायचं होतं ते तुला नव्हतं.

डिसेंबरात एका गुरुवारी त्याचा मध्येच फोन आला. ट्रॅममधून उतरून ऑफिसकडे चालला होता. बोलता बोलता थांबला. काय झालं विचारलं तर म्हणाला, आई, हा चढ हल्ली चढवत नाही, जबडा धरतो. मी विचारलं, निहारिकाला सांगितलंस का? म्हणाला, मागे एकदा झालं तेव्हा ती होती, आता पुन्हा सांगितलं तर उद्याच सगळ्या तपासण्या लावेल.

मी काय म्हणाले ते ऐक. मी म्हणाले, 'मग सांगू नकोस. तपासण्या लागल्या की तुझं फेब्रुवारीचं येणं रद्द होईल.'

वीस फेब्रुवारीला तो यायचा होता, तुला ठाऊक आहे. पंधरा दिवस, एकटा, माझ्याकडे, चार वर्षांनी. मी त्याची गादी उसवून कापूस पिंजून घेतला होता. त्याला म्हटलं, ओवा खा, डाव्या कुशीवर झोप, तुझ्या बाबांनाही असंच व्हायचं, इथे आलास की आपल्या डॉक्टरांना दाखवू. तो बरं म्हणाला. जन्मात माझं इतकं मुकाट कधी ऐकलं नव्हतं त्याने.

तुला एक संध्याकाळ हवी होती. मला पंधरा दिवस हवे होते. तुला तुझी संध्याकाळ मिळाली तरी.

तुझं स्पेनचं पत्र आलं तेव्हा मला ह्यांच्यावर ढकलायला आयतं सापडलं. गेलेला माणूस उलट बोलत नाही. पान चुकलं, बाप कोपला, हिशेब जुळला, माझं नाव कुठे आलं नाही. तू त्यांना सोडवायला स्वतःला पुढे केलंस आणि मी चार ओळींत हात झटकून मोकळी झाले होते. ह्यांचा फोटो शनिवारी परत लावला. त्यांच्याशी काय बोलले ते आमच्यात राहू दे. आणि त्या दिवशी तो खोटं बोलला ते मी जेवावं म्हणून, याचं मला किती वाईट वाटलं ते लिहून होणार नाही. मुलाला आईला इतकं घाबरावं लागलं.

हॉटेलचं नाव काढायचं नाही. त्याला घेऊन सरळ घरी ये.

एकच सांगायचं राहिलं. तू आलीस की लोक भेटायला येतील. आल्यावर सगळे एकच विचारतात, आधी काहीच लक्षण नव्हतं का हो? पाच महिने मी सांगत आले, नाही हो, काहीच नाही, अगदी चांगला होता. आता तू शेजारी बसलेली असशील. काय उत्तर द्यायचं ते आपण दोघींनी आधी बसून ठरवू. मला ते यापुढे एकटीने देववत नाही.

तुझी,
आई